पुतण्याच्या झोपेच्या गोळ्या एकदम बंद करून त्याला आठ दिवस घरात कोंडले, तर सवय सुटेल का?

आपला २१ वर्षांचा पुतण्या वर्षभर रोज अल्प्राझोलाम घेत असल्याचे आपल्याला नुकतेच कळले, हे प्रश्नावरून दिसते. हे लोण नागपुरात खरेच इतके पसरले आहे का, असेही आपण विचारले आहे. मी नागपुरातच १९ वर्षे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. तेवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

कोंडण्याचा बेत आधी रद्द करा. या गोळ्या मेंदूची धावपळ आवरणाऱ्या यंत्रणेला बळ देतात आणि रोज बाहेरून बळ मिळू लागले की ती यंत्रणा स्वतःचे काम हळूहळू सोडून देते. अशा वेळी गोळी अचानक थांबवली तर आवरणारे कोणीच उरत नाही. एकदोन दिवसांतच हातपाय थरथरतात, झोप उडते, भास होतात आणि काहींना अपस्मारासारखे झटके येतात, जे जिवावर बेतू शकतात. गर्द (ब्राउन शुगर) सोडताना अंगदुखी आणि उलट्यांनी माणूस हैराण होतो, पण त्या त्रासाने सहसा मरत नाही. गोळ्या आणि दारू यांचे मात्र तसे नाही. गर्द चार पैशांच्या गोळीपेक्षा भयंकर, या सार्वत्रिक समजुतीमुळेच घरोघरी असे बेत आखले जातात. पुतण्या गोळीबरोबर दारूही घेत असेल तर धोका दुहेरी आहे, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

प्रसाराबद्दल विचाराल, तर सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेची वा गुंगीची औषधे घेणारे देशात सुमारे १.१८ कोटी आढळले होते. नागपूरपुरते सांगायचे तर काउंटरवरचा माझा अनुभव एवढाच, की एकच चिठ्ठी, तारखेवर पुन्हा पेन फिरवलेली, महिन्यात तीनदा समोर येते. ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत, त्यामुळे विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. मी चिठ्ठी परत केली की मुलगा वाद न घालता पुढच्या दुकानाकडे वळतो, आणि तिथे वही उघडली जाईलच असे नाही, हे आमच्या व्यवसायाबद्दल खेदाने लिहितो.

उपचारासाठी 'मेडिकल'मध्ये (नागपूरकरांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, औषधांचे दुकान नव्हे) मनोविकृतिशास्त्र विभागात जावे, किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात. तेथे डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. त्याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन केल्यास पैसे पडत नाहीत.

तोवर आहे तो डोस घरच्यांनी आपल्या मनाने कमी करू नये आणि वाढवूही देऊ नये. गोळ्या काकूंकडे किंवा आपल्याकडे ठेवाव्यात. कपाटात सापडलेल्या रिकाम्या स्ट्रिप्स रागाने फेकल्या नसतील तर पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात. गोळीचे नाव आणि मिलिग्रॅम त्यांवर छापलेले असते, आणि मुलाने सांगितलेला आकडा बहुधा निम्माच असतो.