जुन्या मारुती ८००ची पुढची डावी बाजू खाली बसलीय आणि खड्ड्यात खडखड येते. चारही शॉकअप बदलावे लागतील का?

नाही, गाडी एका बाजूला बसली असेल तर आधी स्प्रिंग तपासा, कारण गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपमधलं तेल फक्त स्प्रिंगची उसळी आवरतं. सपाट जागी उभी करून दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावीकडे ठळकपणे कमी भरलं, तर स्प्रिंग थकलीय किंवा तिचा खालचा वेढा तुटलाय. गॅरेजात हे वेढे चिखलाखाली झाकलेले असतात, धुतल्याशिवाय तडा दिसतच नाही.

मग शॉकअप बघा. अंगावर नुसता ओलसर थर असेल तर घाबरू नका. तेलाचे ओघळ येऊन त्यावर आपल्याकडची काळी माती थापल्यासारखी चिकटली असेल तर तेल अडवणारं सील गेलं. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा: एकदा वर येऊन गाडी स्थिर व्हायला हवी, डुलत राहिली तर शॉकअप संपला. ही चाचणी गाडी चालवून आल्यावर, गरम असताना करा. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तेल आणखी पातळ होतं आणि थंड सकाळी ठीक वाटणारा शॉकअप तेव्हा उघडा पडतो. अर्धवट झिजलेला मात्र दाबून कळत नाही, तिथे टायरची खड्डे-खड्डे झीज बघावी लागते.

खडखड बहुधा लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश, बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोळ्याचा सांधा) किंवा शॉकअप वर जिथे बसतो त्या माउंटची. शॉकअप बदललेच तर पुढची जोडी पुरे, चारही नकोत. स्प्रिंग घरी उघडू नका; दाबलेली असते, सुटली तर हात मोडेल.