सुट्टीवर आलेला नवरा आणि उशाखालचा फोन

"हे सुट्टीवर येतात, पण बोलत नाहीत. फोन उशाखाली घेऊन झोपतात. बाहेर काही असेल काय, मॅडम?"

बेळगाव-खानापूर भागातल्या फौजींच्या बायका समुपदेशनाला आल्या की हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच. गावोगावी कुणी ना कुणी पलटणीत असतंच, काही घरांत तर आजोबांपासून. म्हणून इथल्या बायकांना लांब राहून संसार करायची सवय असते, असं सगळे धरून चालतात. सवय कसली? त्या निभावून नेतात.

आधी एक सांगते. गप्प राहण्यामागे दरवेळी दुसरी बाई नसते. काश्मीरमधून, राष्ट्रीय रायफल्समधून (दहशतवाद्यांशी लढणाऱ्या सैन्याच्या दलातून) आलेला माणूस सुरुवातीला दार आपटलं तरी दचकतो, रात्री जागाच असतो, जत्रेची गर्दी त्याला नको वाटते. ही बेइमानीची लक्षणं नव्हेत.

पण कधी संशय खराही निघतो. खानापूर तालुक्यातल्या एका जोडप्याचं तसंच झालं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तो हवालदार. ती गावी, सासू-सासरे, दोन मुलं आणि भातशेती सांभाळणारी. आधीच्या पोस्टिंगच्या गावात त्याची एका बाईशी ओळख झाली, भेटी झाल्या आणि काश्मीरला गेल्यावरही फोन चालू राहिले. बायकोला मेसेज सापडले. तिने जाब विचारला, तर तो उलटला: "तू त्याच्या गाडीवर बसून खानापूरला जातेस, ते मला कळत नाही होय?"

'तो' म्हणजे भावकीतला दीर. उताऱ्यापासून पीककर्जापर्यंत सगळे कागद कन्नडमध्ये आणि ही मराठी शाळेत शिकलेली. दीर फॉर्म भरून द्यायचा, तहसीलदार कचेरीत सोबत जायचा. ते बघून चुलत्याने थेट काश्मीरला फोन लावला, "घराकडे लक्ष दे रे बाबा." डोंगरावरच्या पोस्टवर बसलेल्या माणसाने खात्री करायची कशी? त्याने बायकोला एका शब्दाने विचारलं नाही. ते मनात ठेवलं आणि स्वतःच्या वागण्याला निमित्त करून घेतलं. चुगलीचे असे फोन करणाऱ्या नातेवाइकांचा मला खरंच राग येतो.

दोघं समोर बसल्यावर मी तिला विचारलं, फोनवर काय बोलायचात?

"रेंज आली तर पाच-दहा मिनिटं. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, मामंजींच्या गोळ्या, पोराची फी, रोप लावायला माणसं मिळेनात, हेच की."

आणि ती दुसरी? त्याने मान खाली घातली. "ती जेवलास काय म्हणून विचारायची. मागायची काही नाही."

"तिला मागायला काय होतं?" ही उसळली. "तुमचे आई-बाप मी बघत होते."

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, एकटेपणा दोघांच्याही वाट्याला आला, फसवणूक मात्र तुम्ही केलीत. दिरावरच्या संशयाने ती फिटत नाही.

तिने विचारलं, सीओ साहेबांना, म्हणजे त्याच्या पलटणीच्या प्रमुखांना, पत्र घालू काय? घालता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यभिचाराचा फौजदारी गुन्हा रद्द केला, तरी सैन्य आपल्या कायद्याखाली शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, हे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं. घटस्फोटाला ते कारण आजही आहे आणि पोटगी पगारातून कापून मिळण्याची सोयही सैन्याच्या कायद्यात आहे. हे तिला नीट कळायला हवं होतं. 'घरातली गोष्ट घरात ठेव' असं मी कधीच सांगत नाही. तिने पत्र लिहून ठेवलं, अजून पाठवलेलं नाही. तो तिचा निर्णय.

मी एकच आग्रह धरला: मोडायचं की ठेवायचं, याचा निकाल या सुट्टीत नको. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा मिळते, तीही तुकड्यातुकड्यांनी. भांडण अर्धवट टाकून तो परत हत्यार हातात घ्यायला जातो, आणि त्याची मला फार काळजी वाटते. त्याला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. सैनिकांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला.

त्याने तिच्यासमोर फोन लावून ते संबंध तोडले. चुलत्याकडे स्वतः जाऊन सांगून आला, माझ्या बायकोबद्दल परत फोन करायचा नाही. आता हप्ते-फीचं ती व्हॉइस मेसेजवर टाकते. फोन आला की आधी एकमेकांची विचारपूस. पुढची पोस्टिंग पीसला, म्हणजे कुटुंब नेता येईल अशा शांत ठिकाणी, मिळाली तर क्वार्टर घेऊन बायको-मुलांना न्यायचं ठरलंय. सासूला ते पसंत नाही.

तिचा विश्वास बसलाय काय? नाही. तो आला की ती फोन मागते आणि तो देतो. किती दिवस चालणार हे, असं त्याने मला विचारलं. तिला हवं तितके दिवस, म्हटलं.