येशू पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करणार, यावर ख्रिस्ती लोकांचंच एकमत का नाही?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातला ख्रिस्ती सहकारी छातीठोकपणे सांगतो की येशू लवकरच येऊन जेरुसलेमातून हजार वर्षं राज्य करणार, कॉलेजातली ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, आमच्या चर्चमध्ये असलं काही शिकवतच नाहीत. बायबल एकच, मग हे कसं?

दोघंही आपापल्या चर्चचं बरोबर सांगताहेत. मी नागपूरचा, सदरमधल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चचा. माझा पुतण्या जरीपटक्याकडच्या एका नव्या फेलोशिपमध्ये जातो, त्यामुळे हा वाद आमच्या घरी जेवणाच्या ताटावरच चालतो.

येशू परत येणार, न्याय करणार, याबद्दल भांडण नाही. ते आम्ही सगळेच मानतो; आमच्या चर्चमध्ये तर दर रविवारी मतांगिकारात (श्रद्धेच्या ठरीव कबुलीत) म्हणतो. भांडण आहे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायावर, त्यातही २ ते ७ या सहा वचनांवर. तिथे सैतानाला बांधून अगाधकूपात टाकतात, येशूच्या साक्षीपायी ज्यांचा शिरच्छेद झाला ते जिवंत होतात आणि ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करतात. 'हजार वर्षं' हे शब्द त्या सहा वचनांत सहा वेळा येतात. जेरुसलेमचं नाव मात्र त्यांत एकदाही नाही. ते यशया, जखऱ्या या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या भविष्यवाण्यांतून आणून जोडावं लागतं. कोण किती जोडतं, त्यावर सगळं ठरतं.

तीन तट आहेत. पहिला म्हणतो, ख्रिस्त आधी येईल, मग हे राज्य इथे पृथ्वीवर सुरू होईल. दुसरा म्हणतो, हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या येण्यामधला आताचा चर्चचा काळ. तिसऱ्याच्या मते सुवार्तेने (येशूच्या संदेशाने) जग हळूहळू पालटेल आणि शेवटी ख्रिस्त येईल. दोन महायुद्धांनंतर या तिसऱ्याचा आवाज बराच खाली आला.

पहिल्या तटाला अडाणी समजू नका. चर्चच्या सुरुवातीच्या काळात तोच जोरात होता. दुसऱ्या शतकातला, आताच्या फ्रान्समधल्या ल्योंचा बिशप इरेनियस एक जुनी आठवण सांगतो: त्या राज्यात एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या असतील, फांदीगणिक दहा हजार डहाळ्या, असं वाढत वाढत प्रत्येक द्राक्षातून पंचवीस मापं द्राक्षारस निघेल. एखादा संत एका घडाला हात घालेल, तर शेजारचा घड ओरडेल, "मी जास्त चांगला आहे, मला घे!" (नाशिककरांनी हे वाचावंच.) हसू येतं खरं, पण हा माणूस कुठे बसून लिहीत होता ते पाहा. त्याच ल्योंमध्ये इ.स. १७७ साली ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं होतं. त्याचा युक्तिवाद साधा आहे: ज्या सृष्टीत त्यांनी छळ सोसला, त्याच सृष्टीत त्यांना मोबदला मिळायला हवा. न्याय नुसता वर आकाशात करून भागणार नाही, इथे मातीवर व्हायला हवा. मला हे म्हणणं आजही खोडून काढता येत नाही.

पण त्याच्याही आधी, त्याच शतकात, जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहून गेला होता की मी हे मानतो, तरी शुद्ध श्रद्धेचे अनेक ख्रिस्ती मानत नाहीत. म्हणजे तुमचे सहकारी आणि मैत्रीण तेव्हाही होतेच.

चित्र पालटलं ते उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या बिशपमुळे. तोही आधी पहिल्या तटाच्या बाजूने झुकलेला होता. मग त्याने पाचव्या शतकात हा अध्याय वेगळा लावला: सैतान बांधला गेला तो ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यातच, आणि पहिलं पुनरुत्थान म्हणजे आत्म्याचं पापातून उठणं. पाश्चात्त्य चर्च शेकडो वर्षं हेच शिकत आलं. लुथरन लोकांनी (मार्टिन लुथरच्या अनुयायांनी) १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, ऐहिक राज्याची कल्पना नाकारली. चारच वर्षांनी जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही जणांनी 'नवं जेरुसलेम' जाहीर केलं, राजा बसवला, आणि १५३५ मध्ये ते रक्तात बुडालं. कॅथलिक चर्चने तर १९४४ मध्ये स्पष्ट सांगितलं की या मताचं सौम्य रूपही निर्धास्तपणे शिकवता येणार नाही. तुमची मैत्रीण कॅथलिक असेल तर तिचं उत्तर इथून येतं.

सहकाऱ्याचं उत्तर मात्र बहुधा इरेनियसकडून थेट येत नाही. ते येतं एकोणिसाव्या शतकातल्या जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाकडून. आधी विश्वासणारे वर उचलले जाणार (पुतण्या 'रॅप्चर'च म्हणतो), मग महासंकट, मग ख्रिस्ताचं येणं, मग इस्राएलला दिलेली वचनं अक्षरशः पूर्ण होणार, हा क्रम त्याने लोकप्रिय केला. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या टिपांनी तो घरोघरी नेला आणि १९४८ मध्ये इस्राएल देश झाल्यावर त्याला चांगलंच बळ आलं. पुतण्याच्या फेलोशिपमध्ये भिंतभर फ्लेक्स आहे: डावीकडे आदाम, उजवीकडे अग्नीचं सरोवर, मध्ये 'सात वर्षे' लिहिलेला लाल पट्टा आणि वर जाणारे बाण. "काका, तुम्ही लोकं प्रकटीकरण वाचूनच नाही राहिले," असं तो मला ऐकवतो. त्यात तथ्य आहे. आमच्याकडे त्या पुस्तकावर प्रवचन विरळाच. पण बाणांनी आखलेला इतका पक्का क्रम मला त्या सहा वचनांत दिसत नाही.

तुम्ही माझं मत विचारलेलं नाही, तरी सांगतो. विसाव्या अध्यायापुरता मी ऑगस्टीनबरोबर. पण पुढच्याच अध्यायात पवित्र नगर स्वर्गातून खाली उतरतं, नवी पृथ्वी येते. पृथ्वी सोडून पळायचं नाही, एवढा इरेनियसचा हट्टही मी धरून ठेवतो.

यावर एकमत नसतानाही एका चर्चमध्ये राहता येतं का? २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरातच सहा निरनिराळ्या परंपरांची चर्चेस एक होऊन सीएनआय झालं. एकीचा आधार प्रेषितांचा आणि निकायाचा मतांगिकार, आणि दोन्हींत हजार वर्षांचा उल्लेख नाही. निकायाच्या मतांगिकारात एवढंच येतं की ख्रिस्ताच्या राज्याला अंत नाही.

सहकाऱ्याशी बोलायचंच असेल तर एक गोष्ट नक्की विचारा: तुमचे पास्टर तारीख सांगतात का? अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या येण्याची तारीख म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ धरून ठेवली होती. काहींनी शेतातलं उभं पीकही काढलं नाही, आणि तो दिवस नेहमीसारखा मावळला. पुढच्याच वर्षी स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले, शाळा काढली, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा करत बसले. सहकारी तारीख सांगू लागला, तर त्याला प्रेषितांची कृत्ये १:६-७ उघडायला लावा. राज्य आता परत देणार का, असं शिष्यांनी खुद्द येशूला विचारलं होतं. काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही, असं उत्तर त्यांना मिळालं.