स्वतःचे चलन सोडून डॉलर स्वीकारला, तर देशाचे नेमके काय अडते?

एखाद्या लहान देशाने आपले चलन मोडीत काढून थेट डॉलर स्वीकारला, तर महागाईचा प्रश्न कायमचा सुटणार नाही का, असे आपण विचारले आहे. महागाईपुरते पाहिले तर आपले म्हणणे बरेचसे खरे आहे. इक्वेडोरने २००० साली एका डॉलरला २५,००० सुक्रे हा दर ठरवून डॉलर स्वीकारला आणि त्या वर्षी शंभर टक्क्यांच्या आसपास असलेली महागाई काही वर्षांतच एक आकडी झाली.

अडचण येते ती बाहेरून धक्का बसल्यावर. २०१४ पासून खनिज तेलाचे भाव कोसळले, तेव्हा शेजारच्या कोलंबियाचा पेसो घसरला आणि त्यामुळे तिथे आयात महागून निर्यातदारांना थोडा आधार मिळाला. इक्वेडोरच्या हाती विनिमय दर उरलाच नव्हता, म्हणून त्या सरकारला २०१५ मध्ये अनेक आयात वस्तूंवर ४५ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावावे लागले. चलनाचा दर खाली येऊ शकत नसेल, तर वेतन आणि रोजगार यांना खाली यावे लागते. युरो वापरणाऱ्या ग्रीसमध्ये २०१३ साली बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली, त्यामागे हेही एक कारण होते.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. बँकांवर ठेवीदारांची झुंबड उडते, तेव्हा त्यांना रोकड पुरवण्याचे काम मध्यवर्ती बँक करते, कारण नोटा छापण्याचा अधिकार तिच्याकडे असतो. पनामात १९०४ पासून डॉलरच चालतो, तिथल्या बाल्बोआची फक्त नाणी आहेत. १९८८ मध्ये जनरल नोरिएगा यांच्या राजवटीवर दबाव आणण्यासाठी अमेरिकेने आपल्याकडील पनामा सरकारचा पैसा गोठवला, तेव्हा देशात रोकडच उरली नाही आणि बँका कित्येक आठवडे बंद राहिल्या. ज्या नोटेवर देशाचा व्यवहार चालतो, ती दुसऱ्याच्या मर्जीवर मिळत असेल, तर हा धोका कायम राहतो.

अर्थात, स्वतःचे चलन आहे म्हणून देश सुरक्षित होतो असे नाही. झिम्बाब्वेने सरकारी तूट भरून काढण्यासाठी इतक्या नोटा छापल्या की २००९ मध्ये एकावर चौदा शून्ये असलेली नोट काढूनही शेवटी तेच चलन सोडावे लागले. शिवाय कर्ज परकीय चलनात असेल, तर घसरण उलट अंगाशी येते. २००८ मध्ये आइसलँडचा क्रोना कोसळला, तेव्हा निर्यात आणि पर्यटन सावरले खरे, पण परकीय चलनाशी जोडलेली गृहकर्जे घेतलेल्या कुटुंबांचा बोजा अतोनात वाढला.

त्यामुळे अशा देशाबाबत मी आधी दोन गोष्टी तपासेन: त्याचा व्यापार मुख्यतः कोणाशी आहे आणि त्याच्यावरचे कर्ज कोणत्या चलनात आहे. व्यापार आणि कर्ज दोन्ही डॉलरमध्येच असतील, तर स्वतःच्या चलनाचा उपयोग मुळातच मर्यादित असतो. मात्र एकदा डॉलर स्वीकारल्यावर परतीची वाट फार अवघड होते, कारण नवे चलन येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी लोक त्याच दिवशी बँकेतून डॉलर काढून घेऊ लागतात.