सईस, जेजुरीबद्दल

टोरोंटो

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आम्ही दोघांनी वाचला. "डिसेंबरात जेमतेम अडीच आठवडे मिळणार. त्यातले तीन दिवस जेजुरीला का घालवायचे? आपण इंदूरचे, जेजुरीत आपलं एकही माणूस नाही. आणि देवच हवा असेल तर राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहेच ना?" बाबा म्हणाले, ही वकील होणार. मला प्रश्न रास्त वाटला. फोनवर तू माझं शेवटपर्यंत ऐकत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवते. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा अक्षर मोठं काढलंय. अडलं तर बाबांना विचार, मला नको, मी चिडते. मेसेज रात्री पावणेदोनला का आला, हेही मी विचारत नाहीये.

राजवाड्यातलं ते खंडोबाचं देऊळ होळकरांचं. तू त्यांचाच दाखला दिलास, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करू. मल्हारराव होळकर 1693 साली नीरेकाठच्या होळ गावी जन्मले. जेजुरी तिथून फार लांब नाही. वडील लवकर गेले, भाऊबंदांचा जाच सुरू झाला, तेव्हा आई पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला आपल्या भावाच्या आश्रयाला गेली. तिथे मामाची मेंढरं राखता राखता पोरगं मामाच्या पथकात घोड्यावर बसलं, पुढे पेशव्यांच्या चाकरीत शिरलं आणि माळव्यात पोचलं. 1734 मध्ये त्यांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली. 1766 मध्ये मल्हारराव वारले ते पार आलमपूरला, ग्वाल्हेरच्याही पलीकडे. तेव्हा बरे दिवस शोधायला गाव सोडणारे बाबा काही पहिले नाहीत.

आता गंमत बघ. एवढी दौलत हाती आली, वाड्यात देव बसला, तरी होळकरांची जेजुरी सुटली नाही. गडाच्या कोटात, ओवऱ्यांत, पायथ्याच्या तलावात त्यांचा पैसा आहे. मल्हारराव आणि गौतमाबाईंच्या नावाचं मल्हार-गौतमेश्वराचं देऊळसुद्धा जेजुरीतच. तुझ्यासारखा हिशेब केला असता तर तो पैसा इंदुरातच खर्च झाला असता. त्यांच्यामागून दफ्तर सांभाळायला, पथकात भरती व्हायला, पूजा सांगायला जी माणसं माळव्यात आली, त्यांतच आपले. आपला पूर्वज होळकरांकडे कारकून होता असं घरात सांगतात. मोठा सरदार वगैरे कोणी नव्हता, आजोबा कितीही रंगवून सांगोत.

देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक माणसाबरोबर कुठेही जातो. आपल्याकडचा इथे टोरोंटोशेजारच्या मिसिसागापर्यंत आला. मूळ ठाणं मात्र जागचं हलत नाही. लग्न झालं, मूल झालं, किंवा काहीच झालं नाही तरी काही वर्षांनी एकदा तिथे जाऊन यायचंच. मी फारशी देवभोळी नाही, तुला माहीत आहे. पण ज्यांनी ही रीत घातली त्यांना माणसाचा स्वभाव नीट कळला होता असं मला वाटतं. गावाकडचं घर विकलं जातं, भाऊ भांडतात, म्हातारी माणसं जातात आणि मग परत जायला कारणच उरत नाही. देव तिथे ठेवून दिला की कारण शिल्लक राहतं. जेजुरीत आपलं कोणी नाही हे तू न जाण्याचं कारण म्हणून सांगतेस. आपल्या घरात जाण्याचं कारणही तेच आहे.

यातलं मला सगळ्यात आवडणारं प्रकरण बाबांच्या आजीचं, म्हणजे तुझ्या पणजीचं. ती वाईची. स्वातंत्र्याच्या थोडं आधी लग्न होऊन इंदूरला आली. तेव्हा इंदूरहून खांडव्यापर्यंत मीटरगेजची छोटी गाडी होती. पाताळपाणीचा घाट उतरून खांडव्याला मोठ्या गाडीत बसायचं, मनमाडला पुन्हा बदलायची, दौंडवरून पुणं गाठायचं आणि तिथून वाईला. बरोबर लहान मूल, वळकटी, पाण्याचा तांब्या. वाईत कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या मुलीला इंदूरचं काहीच पटेना. पोह्यांवर शेव घालतात हे तिला आचरटपणाचं वाटायचं. त्यात जिरावण मसाला भुरभुरताना पाहून ती म्हणे पहिल्या दिवशी ताटावरून उठलीच.

माहेरी जायचंय असं तोंडाने म्हणायची तेव्हा सोय नव्हती. सासूबाई म्हणणार, आता हेच तुझं घर. बाळंतपणाला पाठवलं तेवढंच. पण "देवाला जाऊन यायला हवं, फार दिवस झाले, मुलाला सारखा ताप येतो" असं म्हटलं की घरातलं कोणी आडवं येत नसे. देवाचं कारण, त्याला नाही कोण म्हणणार! जेजुरीला जायचं, पायऱ्या चढायच्या, भंडार उधळायचा, जागरण-गोंधळ घालायचा, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर वाईला आईला भेटून येऊ. नवऱ्यालाही सगळं कळत असणार. दोघं मिळून देवाच्या आड लपायची. ही गोष्ट तिने मला सांगितली तेव्हा तिचे दात पडले होते आणि ती खुदकन हसली होती. शेव घातलेले पोहे ती तोवर आवडीने खायला लागली होती. वाईला गेली की तिथल्या पोह्यांत काही दम नाही म्हणायची.

नाशिकचं तुला आठवत असेल. आग्रा रोडने गाडी करून गेलो होतो, सेंधवा, धुळं, मालेगाव करत, तू पूर्ण वाटभर उलट्या केल्यास. तिथे आपल्या तीर्थोपाध्यायांकडे थांबलो. त्यांनी लांबट चोपडा काढला, मूळ गाव आणि आडनाव विचारलं आणि बघता बघता आपलं पान काढून दिलं. घरातला जो कोणी तिथे गेला त्याने आपल्या हाताने नाव, वडिलांचं नाव, भावांची, मुलांची नावं लिहिलेली. जुनी पानं मोडीत, बाबांना एक अक्षर वाचता येईना. गुरुजींनी वाचून दाखवलं: मूळ गाव अमुक, हल्ली मुक्काम इंदूर. पुढच्या पानावर एक भाऊ देवासला गेलेला. बाबांनी खाली "हल्ली मुक्काम टोरोंटो, कॅनडा" असं लिहिलं तेव्हा मला वाटलं गुरुजी काही बोलतील. ते नुसते म्हणाले, पिनकोडही लिहा. आपल्या पानांवर मुलींची नावं फारशी नाहीत, हे मला खटकलं होतं. म्हणून पेन तुझ्या हातात दिलं. तू "स" आणि "ई" मध्ये एवढी जागा सोडलीस की गुरुजींनी दोन मुली आहेत का असं विचारलं.

आता आमचं. बाबा इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात होते. उपाशी मरत नव्हतो, पण कारखान्यात माणसं कमी करणं सुरू झालं होतं. पुढची वीस वर्षं तिथेच धडधडत्या छातीने काढायची का, असा प्रश्न होता. कॅनडाच्या गुणपद्धतीत वय, शिक्षण, इंग्रजी यांचे गुण जमले आणि आलो. इथे येऊन इंजिनियर माणूस रात्रपाळीला गोदामात खोकी उचलत होता, कारण जो तो इथला अनुभव विचारायचा, आणि नोकरीच मिळाली नाही तर अनुभव कुठून आणायचा? ते दिवस गेले. त्यावर जास्त लिहीत नाही, बाबा तुला दर वाढदिवसाला ऐकवतातच.

मला त्रास व्हायचा तो डिसेंबरात. पावणेपाचला अंधार. तळघरातल्या त्या घरात दिवसभर तू आणि मी. आठवण कसली यायची माहीत आहे? इंदूरच्या खाऊगल्ल्यांची, म्हणजे सराफ्याची नाही, छप्पन दुकानांची नाही. दार न वाजवता आत येणाऱ्या माणसाची. इंदूरला शेजारच्या काकू वाटी घेऊन सरळ स्वयंपाकघरात यायच्या आणि मला त्याचा राग यायचा! इथे आठवडाच्या आठवडा दाराची कडी बाहेरून कोणी हलवत नसे.

तेव्हा आजीने फोनवर रडारड काही ऐकून घेतली नाही. म्हणाली, परवा चंपाषष्ठी आहे, वांगं आण. आपल्याकडे चातुर्मासात वांगं बंद असतं, ते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून सुरू करतात. बाजरीचं पीठ गुजराती दुकानात मिळालं. विजेच्या शेगडीवर वांगं भाजेना, मग ओव्हनच्या वरच्या जाळीत भाजलं. (तू करशील तेव्हा काट्याने टोचून घे, नाहीतर आत फुटतं आणि ओव्हन पुसायला संध्याकाळ जाते.) खरी अडचण तळी उचलायची. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडार ठेवून पाच जणांनी मिळून "सदानंदाचा येळकोट" म्हणत तीनदा उचलायचं असतं. घरात मोठी माणसं दोन. वरच्या मजल्यावरचे टॅक्सी चालवणारे सरदारजी, त्यांची बायको आणि बाबांच्या गोदामातला एक फिलिपिनो मुलगा असे पाच जमवले. घरमालकाच्या गालिच्यावर हळद पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्रं अंथरली होती. सरदारजींचा आवाज एवढा मोठा की वरचा धूर ओळखणारा भोंगा वाजला की काय, असं वाटून घरमालकच खाली आला. त्यालाही भाकरी दिली. त्याने भरीत दोनदा घेतलं.

त्याने इंदूरची आठवण यायची थांबली असं काही झालं नाही. पण भरीत करायचं म्हणून आधीचे चार दिवस मी बाहेर पडले, दुकानं शोधली, वरच्या बाईशी पहिल्यांदा बोलले. घरची आठवण आली की आपल्याकडे काहीतरी काम हातात देतात, हे मला तेव्हा उमगलं. भाऊबीज, दिवाळसण, पहिलं बाळंतपण, देवाची खेप, या सगळ्यांत घरापासून लांब गेलेल्या माणसाला एक तारीख नेमून दिलेली असते. त्या दिवशी जीव भरून रडावं, खावं, भेटावं. मधल्या दिवसांत आपलं काम करावं. रोज तासभर व्हिडिओ कॉल लावून इंदूरचं स्वयंपाकघर बघत बसणं मला नाही मानवत, त्याने ना इथला भात शिजतो ना तिथला. आणि इथल्या प्रत्येक जेवणावळीत "आपल्याकडे असं नव्हतं" म्हणणारी मंडळी तर मला मुळीच सोसत नाहीत. त्यांचं "आपल्याकडे" पंचवीस वर्षांपूर्वीच संपलेलं असतं, इंदूर पुढे गेलंय.

एका गोष्टीवर कुठलीही रीत पुरी पडत नाही, तेही सांगून टाकते. आजोबा गेले तेव्हा आपण पोचलो नाही. तिकीट मिळेपर्यंत दहावा झाला होता, तेराव्याला बाबा एकटे पोचले. चांगल्या आयुष्याची किंमत पैशात सांगणारे लोक हे धरत नाहीत. तुझी शाळा, वाचनालय, बाबांची शेवटी लागलेली बरी नोकरी, हे सगळं मी मोजते आणि आलो ते बरं केलं असंच म्हणते. तरी तो महिना त्या हिशेबात बसत नाही. बसवायचा प्रयत्नही करत नाही.

तर जेजुरी. मी जबरदस्ती करणार नाही. तुला फक्त पायऱ्या, ऊन आणि केसात अडकलेली हळद आठवते, आणि नवीन लग्न झालेल्या एका दादाने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढताना धापा टाकल्या ते. ते पुन्हा बघायला मिळेल याची खात्री आहे. न यायचं ठरवलंस तर आजीजवळ इंदूरला राहा, आम्ही दोघं जाऊन येऊ.

प्रवासाचे दोन रस्ते आहेत. इंदूरहून पुण्याची गाडी रतलाम, बडोदा, सुरत असा गुजरातचा वळसा घेऊन रात्रभर जाते. मनमाड ते इंदूर 309 किलोमीटरच्या सरळ मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली खरी, पण तो व्हायला वेळ आहे. पणजीबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आम्ही त्याच बाजूने जात होतो की. दुसरा रस्ता म्हणजे मुंबईला उतरून आधी जेजुरी करायची आणि मग इंदूरला जायचं. त्यात एक दिवस वाचतो, पण बाबांना मुंबईचं विमान महाग वाटतंय, त्यांचा डोळा दिल्लीवर आहे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणजे फार वेळ नाही. तू दोन्हींचे दर बघून कळव, त्या साइटवर तुझा हात आमच्यापेक्षा बरा चालतो.

येणार की नाही ते आजीला मात्र तूच फोन करून सांग. मी मध्ये पडणार नाही.

तुझी,
आई