गार गादीवरचे तीन दिवस : वाचकांचा प्रश्न, डॉक्टरांचे उत्तर

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातील एका खेड्यातला निवृत्त शिक्षक आहे. मे महिन्यात माझ्या सुनेची प्रसूती झाली. कळा फार लांबल्या आणि नातू जन्मला तेव्हा रडलाच नाही; अंग निळसर पडले होते. सिस्टरांनी तोंडावर मास्क धरून फुग्याने श्वास दिला, तेव्हा कुठे तो कण्हला. तिथून १०८च्या गाडीने आम्हाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे त्याला तीन दिवस एका गार गादीवर ठेवले होते. मला एकदाच हात लावू दिला, तर माठाला बाहेरून हात लावावा तसा त्याचा पाय लागला. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन आणि आत बाळ गारठलेले! आमच्या आशाताई तर घरोघरी सांगतात की नवजात बाळाला ऊब द्या, टोपी-मोजे घाला. मग हे उलटे कसे? गारव्यानेच मेंदू वाचत असेल, तर आम्ही त्याला गाडीतच ओल्या फडक्यात गुंडाळायला हवे होते काय? माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, तेव्हा गावकऱ्यांनी त्याच्या डोक्यावर बर्फ ठेवला होता. मोठ्या दवाखान्यात मात्र त्याला कोणी गार केले नाही. बाळ आता चार महिन्यांचे आहे. पुढे काय पाहावे, तेही सांगावे.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, आशाताई सांगतात ते सर्व बाळांसाठी आहे आणि ते अगदी बरोबर आहे. गार गादी मात्र मोजक्याच बाळांसाठी असते : ज्यांचे दिवस पूर्ण भरले आहेत, जन्माच्या वेळी ज्यांच्या मेंदूला रक्त आणि प्राणवायू कमी पडला आहे आणि सुस्ती, झटके, दूध ओढता न येणे अशी मेंदू दुखावल्याची लक्षणे ज्यांच्यात स्पष्ट दिसत आहेत, अशांसाठी.

रक्तप्रवाह थांबला की मेंदूच्या पेशींची ऊर्जा काही मिनिटांत संपते. श्वास दिला, रक्त पुन्हा खेळू लागले, की पेशी थोड्या सावरतात आणि काही तास सारे शांत दिसते. आपल्याकडे कापसाच्या गंजीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते, पण आत धुमसत राहते आणि संध्याकाळी पुन्हा पेट घेते, तसेच इथे घडते. पहिल्या सहा तासांच्या आसपास दुसरी लाट सुरू होते : पेशींत कॅल्शियम शिरते, त्यांची ऊर्जाकेंद्रे बंद पडू लागतात, सूज येते, आणि पहिल्या तडाख्यातून वाचलेल्या पेशीही पुढच्या दोन-तीन दिवसांत मरतात. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरले की मेंदूची ऊर्जेची गरज सुमारे सहा ते सात टक्क्यांनी कमी होते आणि या सर्व घातक क्रिया मंदावतात. म्हणूनच हा उपचार जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करतात, बाळाच्या आतले तापमान ३३ ते ३४ अंशांवर आणतात, ७२ तास तिथेच धरून ठेवतात आणि मग तासाला अर्धा अंश या गतीने हळूहळू वर नेतात. घाईने तापवले तर झटके येऊ शकतात.

तुम्हाला पाय गार लागला, पण डॉक्टर पायावर विसंबत नाहीत. गुदद्वारातून आत सरकवलेली एक बारीक वायर सतत तापमान सांगत असते, आणि गादी त्या आकड्याप्रमाणे गार-गरम केली जाते. सोबत नाडीची गती, रक्तदाब, रक्त गोठण्याची क्षमता आणि साखर पाहत राहावे लागते, कारण थंडीने हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तस्राव वाढू शकतो.

या उपचाराला बळकट आधार मिळाला तो २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांपासून. २०१३ च्या एका आढाव्यात ११ चाचण्यांतील १,५०५ बाळांचा हिशेब मांडला, तेव्हा सरासरी सात बाळांना गार केल्यास एक बाळ मृत्यूपासून किंवा गंभीर अपंगत्वापासून वाचते, असे दिसले. यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांत झाल्या होत्या. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेली ‘हेलिक्स’ चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मात्र चित्र उलटे निघाले : मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व यांत फरक पडला नाही, आणि गार केलेल्या गटातील ४२ टक्के बाळे दगावली, तर न केलेल्या गटातील ३१ टक्के. आपल्याकडे मेंदूची इजा बरेचदा प्रसूतीपूर्वी दीर्घकाळ होत असावी आणि सहा तासांची घडी उलटून गेलेली असावी, असा एक तर्क आहे. तेव्हापासून डॉक्टरांत मतभेद आहेत, आणि मलाही वाटते की ज्या विभागात व्हेंटिलेटर आणि चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका नाहीत, तिथे हा उपचार करू नये. तुमच्या नातवाला गार करणे योग्य होते की नव्हते, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. त्याची जन्माची नोंद आणि एमआरआय पाहणारे डॉक्टरच सांगू शकतील.

गाडीत ओले फडके गुंडाळले नाही, हे फार बरे झाले. प्रवासात आतले तापमान मोजायला कोणी नसते. लहान बाळ झपाट्याने ३० अंशांखाली घसरते, आणि तिथे हृदयाचा ठोका बिघडून श्वासही थांबू शकतो. जन्मल्यावर बाळ रडले नाही म्हणून त्याच्यावर थंड पाणी शिंपडणारे अजूनही काही आहेत. त्याने मेंदू वाचत नाही, बाळ मात्र काकडते. त्या वेळी खरे काम सिस्टरांनी केले. न रडणाऱ्या बाळाला कोरडे करून, पाठ चोळून, तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच फुग्याने श्वास द्यायचा असतो. तसे पाहिले तर मेच्या उन्हात गाडीत उलट भीतीही असते : दुखावलेल्या मेंदूला ताप अधिक घातक, म्हणून बाळाला गोधडीत घट्ट लपेटू नये आणि एसीचा झोतही थेट घेऊ नये.

नॉर्वेत १९९९ मध्ये आना बोगेनहोल्म ही डॉक्टर बर्फाखाली सुमारे ८० मिनिटे अडकली, तिचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले, आणि ती वाचली. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिच्यातला मुद्दा निसटतो. तिचा मेंदू हृदय थांबण्याआधीच गार झाला होता, त्यामुळे रक्त थांबले तेव्हा त्याची गरजच अत्यल्प होती. आधी रक्त थांबते आणि मग आपण धावपळ करतो, तेव्हा हे गणित लागू पडत नाही. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या मोठ्या माणसांनाही २००२ नंतर वर्षानुवर्षे ३२ ते ३४ अंशांवर ठेवत. पण २०२१ मध्ये १,९०० रुग्णांच्या चाचणीत ३३ अंश आणि केवळ ताप टाळणे यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्यामुळे आता भर ताप न येऊ देण्यावर आहे.

तुमच्या भावाच्या लकव्यातही तसेच. त्या आजारात गार करण्याने फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, म्हणून दवाखान्याने ते केले नाही. डोक्यावरच्या बर्फाने आतल्या मेंदूचे तापमान फारसे बदलत नाही, पण त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही; रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅननंतर.

आता नातवाविषयी. चार महिन्यांच्या बाळाने मान सावरायला लागावे, आवाजाकडे वळावे, आईकडे पाहून हसावे. मूठ सतत आवळलेली, पाय ताठ, लंगोट बदलताना मांड्या फाकवायला जड, किंवा एकच हात वापरणे, यांपैकी काही दिसले तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा. तिथे व्यायामही शिकवतात. डोक्याचा घेर दर महिन्याला मोजून लसीकरणाच्या कार्डावर लिहून ठेवा. कानाची आणि डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर ती आताच करून घ्या. नवव्या महिन्याच्या गोवराच्या लशीची तारीख येईपर्यंत थांबू नका.