नोझल बारीक केलं आणि पाणीच बंद

प्रश्न : विहिरीतलं पाणी २० मीटर खाली आहे. पंप वर, जेट खाली, दोन पाइप : एकातून पंप पाणी खाली जेटच्या नोझलमध्ये, म्हणजे धार सोडणाऱ्या तोंडात, दाबतो, दुसऱ्यातून पाणी वर येतं. धार जोरात सुटेल म्हणून आधीपेक्षा बारीक नोझल बसवलं. दाबाच्या गेजचा काटा चढला, पण पाणी येईना. जेटची कार्यक्षमता फार तर ३५ टक्के, असंही ऐकलं. मग तो वापरायचाच कशाला?

उत्तर : काटा चढला म्हणजे धार वेगाने सुटतेय, हे खरंच. पण ती धार आजूबाजूचं संथ पाणी ओढून घशात, म्हणजे नोझलपुढच्या अरुंद नळीत, नेते, तिथे दोन्ही मिसळतात आणि पुढे रुंदावणाऱ्या नळीत वेगाचा दाब होतो. घसा तोच ठेवून नोझल बारीक केलं, की धार त्या मानाने तोकडी पडते. मिसळल्यावर वेग इतका उतरतो, की वर चढण्यापुरता दाबच उरत नाही. कमी उंचीवर हीच जोडी भरपूर पाणी देईल. जितकं खोल, तितकं नोझल घशाच्या मानाने मोठं हवं. म्हणून नोझल आणि व्हेंचुरी (घसा आणि पुढची रुंदावणारी नळी मिळून) जोडीनेच बदलायची.

३० ते ३५ टक्के म्हणजे उत्तम जेट. वेगात आलेलं एक किलो पाणी संथ एक किलोला भिडलं, की वेग निम्मा होतो आणि निम्मी ऊर्जा भोवऱ्यांत जिरते. कितीही गुळगुळीत घसा करा, ही घट टळत नाही. तरी तो हवाच, कारण वरून ओढायचं तर हवेचा दाब १०.३ मीटरवर संपतो, प्रत्यक्षात सात-आठवरच. शिवाय खाली फिरणारा एकही भाग नाही. बेअरिंग नाही, वाइंडिंग नाही. मला ही रचना फार आवडते.

गाळाच्या पाण्यावर चाललेला एक जेट माझ्याकडे आला होता. नोझलचं तोंड लांबट झालेलं, घशाला एकाच बाजूने नख अडकेल अशी खाच. धार तिरकी जात होती, आणि मालकाने तोवर दोनदा मोटर बदललेली. फार वाईट वाटलं. लेथवर नवं पितळी नोझल कातलं, घसा बदलला, दोन्ही एका रेषेत बसवले. त्याच मोटरवर पाणी आलं.

तुम्ही जुनं नोझल परत लावा. आधी उजेडासमोर धरून तोंड गोल आहे का बघा, व्हेंचुरीतूनही आरपार पाहा. खाच दिसली तर जोडीच नवी घ्या, तुमच्या खोलीसाठी दिलेली.